ऋतूची वाट पाहणारी शहरे

इ. स. १८६० च्या ऐन उन्हाळ्यात किशू या सरंजामी राज्यातील एक सामान्य दर्जाचा सामुराई नोकरीनिमित्त एदो शहरात येऊन दाखल झाला. आज ज्या शहरास टोकियो म्हणतात तेच हे एदो. या सामुराईचे नाव साकाई बानशिरो. वय अठ्ठाविशीच्या आसपास. दरबारी समारंभाची वस्त्रे कशी नेसवावी याचे शास्त्र जाणणाऱ्या लोकांत तो मोडत असे, आणि त्याच कामासाठी त्याला बोलावणे आले होते. कुटुंब गावी ठेवून तो आपल्या काकांबरोबर आकासाका भागातील किशूच्या विस्तीर्ण वाड्यातील चाळवजा बराकीत राहू लागला. मिळकत बेताची होती, पण कामाचे दिवस थोडे आणि रिकामे दिवस पुष्कळ होते.

तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. काही महिन्यांपूर्वीच शोगुनाचा प्रमुख मंत्री ई नाओसुके याचा किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर भर दिवसा खून पडला होता. तो दिवस तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेचा, म्हणजे मुलींच्या बाहुल्यांच्या सणाचा. आणि वसंताच्या त्या सणाला अवचित बर्फ पडले होते. अशा दिवसांत एदोस आलेल्या या गृहस्थाने रोजनिशी लिहिली ती मात्र राजकारणाची नव्हे. आज काय खाल्ले, कोठे फिरलो, किती पैसे मोडले, याच नोंदी तीत प्रामुख्याने आढळतात. कुट्टूच्या पिठाच्या शेवया, म्हणजे सोबा, त्याने वारंवार खाल्ल्या. चिखलात राहणाऱ्या दोजो नावाच्या लहान माशांची आमटी चाखली. आणि सर्दीवर औषध म्हणून डुकराचे मांसही खाल्ले. सामाईक शिजवलेल्या अन्नातील मोठा वाटा काकाच फस्त करतात, ही कुरकुरही त्याने लिहून ठेवली आहे.

राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने इतिहासात विपुल आहेत. परंतु परगावाहून आलेला, खिशात मोजके पैसे असलेला माणूस एखाद्या महानगरात कशाने सुखावत असे, हे सांगणारी कागदपत्रे थोडी. बानशिरोच्या रोजनिशीचे मोल यातच आहे. तिच्यामुळे एक प्रश्न सहज उभा राहतो. शेतापासून, रानापासून आणि नदीच्या उगमापासून दूर गेलेल्या शहरात ऋतू जिवंत राहिला कसा? आणि तेथे पाहुणा म्हणून आलेल्या गरीब माणसालाही त्याचा वाटा मिळाला कसा?

या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ राज्यकारभाराच्या एका नियमात सापडतो. इ. स. १६३५ मध्ये तोकुगावा शोगुन इएमित्सु याने सरंजामदारांवर असे बंधन घातले की, त्यांनी आळीपाळीने एक काळ आपल्या मुलखात आणि एक काळ एदोत घालवावा. बायकामुले मात्र कायम एदोतच ठेवावी. हेतू अर्थातच बंडाळीस आळा घालण्याचा होता. पण त्याचा परिणाम असा झाला की, दरवर्षी हजारो सामुराई व त्यांचे नोकरचाकर राजमार्गांनी एदोत येत राहिले. त्यांच्यासाठी वाडे बांधावयास सुतार, गवंडी आले, व्यापारी आले, हमाल आले. अठराव्या शतकात या शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली, आणि तीत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. घरी चूल नसलेल्या या पुरुषांच्या भुकेवर रस्त्यावरचे गाडे उभे राहिले. सोबाचा वाडगा बहुतेक काळ सोळा मोनांना मिळे. तळलेला तेम्पुरा, भाजलेले मासे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाताने दाबून केलेली सुशी, ही सारी गाड्यावर उभ्याउभ्या खाण्याची खाद्ये होती. आज ज्यांना मोठ्या प्रतिष्ठेचे स्थान आहे असे हे पदार्थ जन्माने परगावच्या पाहुण्यांचे व मजुरांचे अन्न होते.

पोट भरणे ही एक गोष्ट, ऋतू चाखणे ही दुसरी. ऋतूच्या खाद्याविषयी जपानी भाषेत तीन शब्द आहेत. हंगामाच्या तोंडावर जे प्रथम येते ते 'हाशिरी'. भर हंगामातील ऐन रुचीचे ते 'शुन'. आणि हंगाम सरताना हळहळ लावून जाणारे ते 'नागोरी'. यांपैकी 'शुन' या शब्दाचा मूळ अर्थ दहा दिवसांचा काळ असा आहे. एखाद्या पदार्थाची गोडी दहाच दिवस ऐन भरात असते, ते दिवस चुकले तर पुढील वर्षापर्यंत थांबावे लागते, ही जाणीव त्या लहानशा शब्दात साठवलेली आहे.

एदोच्या लोकांना या तिहींपैकी हाशिरीचे वेड अधिक. हंगामातील पहिली वस्तू खाल्ली की आयुष्य पंचाहत्तर दिवसांनी वाढते, अशी समजूत होती. या वेडाचा कळस म्हणजे कात्सुओ हा मासा. आपल्या कोकण किनाऱ्यावरील कुपा माशाच्या कुळातला हा मासा वसंताच्या अखेरीस प्रशांत महासागरातील उष्ण प्रवाहाबरोबर उत्तरेकडे सरकतो आणि एदोजवळच्या समुद्रात सापडू लागतो. इ. स. १८१२ मधील एक नोंद प्रसिद्ध आहे. त्या वर्षी पहिल्या खेपेत सतरा कात्सुओ आले. त्यांतील सहा शोगुनाच्या मुदपाकखान्यात गेले, तीन 'याओझेन' या नामांकित भोजनगृहाने घेतले, आणि उरलेल्यांपैकी एक नाकामुरा उताएमोन या काबुकी नटाने तीन र्‍यो मोजून विकत घेतला व नाटकमंडळीतील कनिष्ठ नटांना वाटून दिला. सरकारी दराने एका र्‍योचे चार हजार मोन होत. म्हणजे एका माशाच्या किमतीत सोबाचे साडेसातशे वाडगे आले असते.

असली उधळपट्टी सरकारच्या डोळ्यांत सलल्यावाचून राहिली नाही. इ. स. १६६५ मध्ये आणि पुन्हा १६८६ मध्ये शोगुनशाहीने हुकूम काढले. कोणता मासा, कोणती भाजी, कोणते फळ कोणत्या महिन्यापासून विकावे, याची यादीच त्यांत दिली होती. तरीही हाशिरीचा सोस सुटला नाही. शहराच्या पूर्वेस सुनामुरा म्हणून गाव होते. तेथील शेतकरी शहरातील केरकचरा जमिनीत कुजवून त्याच्या उष्णतेवर, तेलकट कागदाच्या आडोशाखाली, वांगी व काकड्या हंगामाआधीच पिकवीत आणि चढ्या भावाने विकीत. इ. स. १८४२ मध्ये सरकारला याही प्रकारावर बंदी घालावी लागली. ज्या अर्थी तोच हुकूम पुनःपुन्हा काढावा लागला, त्या अर्थी तो पाळला जात नव्हता हे उघड आहे. वाट पाहणे ही गोष्ट फर्मानाने शिकवता येत नाही, एवढाच या कागदांचा निष्कर्ष.

वर ज्या याओझेनचा उल्लेख आला, त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. काही शौकीन गृहस्थ तेथे गेले आणि त्यांनी साधा चहाभात व लोणचे मागितले. बराच वेळ काही येईना. अर्धा दिवस लोटल्यावर ताट आले, आणि त्यापाठोपाठ दीड र्‍योचे देयक आले. गृहस्थ चकित झाले. मालकाने खुलासा केला की, लोणच्यातील खरबूज व वांगे हंगामाबाहेरचे असून चहास शोभेल असे पाणी आणण्यासाठी तामा नदीवर तातडीने माणूस पाठवावा लागला. ऋतूला विकत घेऊ पाहणाऱ्यांची याहून मार्मिक थट्टा क्वचितच झाली असेल.

पण ऋतूचा एक भाग असा होता की त्याला किंमत नव्हती, आणि तो सर्वांचा होता. साकुराच्या बहराचा उत्सव प्रथम दरबारी व सरंजामी होता. इ. स. १५९८ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने क्योटोजवळच्या दाइगो मंदिरात केलेला पुष्पोत्सव इतिहासात गाजला, पण तो निमंत्रितांचा होता. एदोत उएनो येथील कानएइजी मंदिराच्या आवारात लोक फुले पाहावयास जात. मात्र ते शोगुन घराण्याचे मंदिर असल्याने गाणेबजावणे व अंधार पडल्यावर थांबणे तेथे चालत नसे. आठवा शोगुन योशिमुने याने १७२० च्या सुमारास शहराच्या उत्तरेस आसुकायामा या टेकडीवर साकुराची हजाराहून अधिक झाडे लावविली, आणि १७३७ मध्ये ती टेकडी सामान्य जनांस खुली केली. सुमिदा नदीच्या काठीही त्याच्याच कारकिर्दीत साकुरा लागला. तेथील चोमेइजी मंदिराच्या द्वारपालाने गळलेली पाने मिठात मुरवून ती गोड पुरणाच्या गुंडाळीभोवती लपेटली आणि विकावयास मांडली, हेच साकुरामोची. १७१७ पासून चालत आलेले हे दुकान आजही सांगितले जाते. जी पाने रोज झाडून टाकावी लागत, तीच वसंताची खूण होऊन बसली.

उन्हाळ्यातील विरंगुळ्याचे स्थान म्हणजे र्‍योगोकुचा पूल. १६५७ च्या महाभयंकर आगीत एदोचा मोठा भाग जळाला आणि नदीवर पूल नसल्याने असंख्य माणसे काठावरच मेली. त्यानंतर हा पूल बांधण्यात आला, आणि आग पसरू नये म्हणून त्याच्या दोन्ही तोंडांशी मोकळी पटांगणे राखली गेली. कायमची घरे बांधण्यास तेथे मनाई, म्हणून तात्पुरत्या पालांची गर्दी झाली: चहाची दुकाने, डोंबाऱ्यांचे खेळ, कथेकरी, खाद्यांचे गाडे. पाचव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवसापासून आठव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्यापर्यंत रात्रीचा बाजार भरविण्याची परवानगी असे, आणि नदीवर नावांची दाटी होई. या काळात उडणारे शोभेचे दारूकाम पाहण्यासाठी पुलावर पाय ठेवावयास जागा नसे. १७३२ च्या दुष्काळातील मृतांच्या शांत्यर्थ पुढील वर्षी योशिमुनेने हे दारूकाम सुरू केले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते; परंतु अलीकडच्या संशोधकांना समकालीन कागदपत्रांत तिला आधार सापडलेला नाही. दारूकामाचा खर्च प्रामुख्याने नावाडी, नावांचे मालक व चहागृहवाले सोशीत. नावेत बसणारा पैसे देई. पुलावर उभा असलेला फुकट पाही. बानशिरोसारख्या पाहुण्याला एदो आवडले त्याचे रहस्य या फुकटच्या आभाळात होते.

ही रीत केवळ एदोचीच नव्हती. पश्चिमेकडील दोन जुनी शहरे, ओसाका व क्योटो, यांचीही ऋतुचर्या वेगळ्या घडणीची पण तितकीच पक्की होती. ओसाकास 'देशाचे स्वयंपाकघर' म्हणत. सरंजामदारांच्या तांदळाची कोठारे तेथे होती आणि दोजिमा येथील तांदळाच्या बाजाराला १७३० मध्ये सरकारी मान्यता मिळाली होती. १६१५ मध्ये पुऱ्या झालेल्या दोतोनबोरी कालव्याच्या काठी नाटकगृहे उभी राहिली, आणि नाटकापूर्वी व नाटकानंतर जेवू घालणारी चहागृहे त्यांना चिकटून उभी राहिली.

क्योटो हे समुद्रापासून दूर, चोहोबाजूंनी डोंगरांनी वेढलेले. तेथील उन्हाळा कोंदट व असह्य. म्हणून लोक कामो नदीच्या पात्रात बाजा टाकून गारव्याला बसत. पुढे त्याचीच काठावरील मचाणे झाली. सहाव्या महिन्यात इ. स. ८६९ मधील रोगराईच्या शांतीपासून चालत आलेला गिओनचा उत्सव येई आणि त्या दिवसांत 'हामो' खाण्याची चाल होती. हामो म्हणजे आपल्याकडील समुद्रातील वाम. हा मासा फार चिवट जिवाचा. उन्हाळ्यातही किनाऱ्यापासून क्योटोपर्यंत तो जिवंत पोहोचे. त्याच्या अंगात बारीक काटे असंख्य. क्योटोच्या आचाऱ्यांनी कातडी न तोडता मांसावर अगदी जवळजवळ चिरा पाडून ते काटे निरुपद्रवी करण्याची कला साधली. इतर मासे मिळत नव्हते म्हणून जो घ्यावा लागला, तोच त्या शहराचा उन्हाळी मान ठरला. १७८० मध्ये आकिसातो रितो याने 'मियाको मेइशो झुए' हा क्योटोच्या प्रेक्षणीय स्थळांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा खप दांडगा झाला, आणि घरबसल्या वाचणाऱ्यांनाही नदीपात्रातील त्या बैठकींचे दर्शन घडले.

शरद ऋतूत चंद्रदर्शन, मात्सुताके नावाची सुगंधी अळंबी, नव्या पिकाचा सोबा आणि सान्मा मासा येत. सान्मा भाजताना धूर फार होतो, म्हणून तो गरिबांचा मासा. कथेकऱ्यांच्या तोंडी एक विनोदी गोष्ट फार लोकप्रिय आहे. एक सरंजामदार मेगुरो गावी फिरावयास गेला असता त्याने निखाऱ्यावर भाजलेला सान्मा खाल्ला आणि तो त्या चवीवर लुब्ध झाला. वाड्यात परतल्यावर त्याने तोच मासा मागविला. आचाऱ्यांनी काटे काढून, चरबी उकळून टाकून, बेचव झालेला तुकडा आदबीने पुढे ठेवला. हा कोठला, असे धन्याने विचारता मासळीबाजारातून आणल्याचे उत्तर मिळाले. तेव्हा समुद्राचे दर्शनही नसलेल्या गावाचे नाव घेऊन तो ठासून म्हणाला की, सान्मा खावा तर मेगुरोचाच.

या चित्राची दुसरी बाजू झाकता येणार नाही. शहरातील तांदूळ खेड्यांतून करापोटी येई. १७८० नंतरच्या तेनमेइ दुष्काळात ईशान्येकडील खेडी ओस पडली, त्याच शतकात एदोत महागडी भोजनगृहे भरभराटीस आली. राजमार्गांवरील नाक्यांवर स्त्रियांची कसून तपासणी होई. म्हणून प्रवासाचा मोकळेपणा पुरुषांच्या वाट्याला जसा आला तसा स्त्रियांच्या वाट्याला आला नाही.

१८६८ मध्ये शोगुनशाही कोसळली, एदोचे टोकियो झाले, आणि ऋतूवर पहिला आघात पंचांगाने केला. १ जानेवारी १८७३ पासून नव्या सरकारने पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली. सण जुन्याच तारखांना चिकटून राहिले, पण ऋतू मागे राहिला. पीचच्या फुलांचा सण ३ मार्चला येऊ लागला, तेव्हा पीच अजून फुललेला नसतो. सात रानभाज्यांची पेज ७ जानेवारीला शिजू लागली, तेव्हा रानात त्या भाज्यांचा पत्ता नसतो. मात्र त्याच १८७३ साली सरकारने उएनो, आसाकुसा, शिबा, फुकागावा व आसुकायामा ही पाच स्थाने सार्वजनिक उद्याने म्हणून जाहीर केली. एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने काही अंशी परत दिले गेले.

१९२३ च्या भूकंपाने निहोनबाशीचा जुना मासळीबाजार उद्ध्वस्त झाला. तो त्सुकिजी येथे गेला, १९३५ मध्ये तेथे मोठा बाजार उघडला, आणि २०१८ मध्ये तोही तोयोसु येथे हलविला गेला. सुमिदा नदीचे दारूकाम महायुद्धात थांबले, नंतर पुन्हा सुरू झाले, आणि १९६१ नंतर वाहनांची गर्दी व नदीतील घाण यांमुळे बंद पडले. कारखान्यांच्या सांडपाण्याने नदीकाठी उभे राहवत नव्हते. पुढे कायदे झाले, पाणी काहीसे निवळले, आणि १९७८ मध्ये दारूकाम परत आले. शहराने एकदा गमावलेला ऋतू प्रयत्नाने परत मिळवता येतो, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

सर्वच गोष्टी अशा परत येत नाहीत. भर उन्हाळ्यातील 'बैलाच्या दिवशी' उनागी हा सापासारखा लांबट मासा भाजून खाण्याची चाल आहे. खप मंदावलेल्या एका दुकानदाराला हिरागा गेन्नाइ या अठराव्या शतकातील पंडिताने तशी पाटी लावावयास सुचविले, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, चाल मात्र एवढी वाढली की २०१४ मध्ये निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाने जपानी उनागीची गणना धोक्यात आलेल्या जातींत केली. सान्माची पकडही फार घटली आहे. २०१९ साली मेगुरो स्टेशनाजवळच्या सान्मा उत्सवात, ताजा मासा न मिळाल्याने, शीतगृहात ठेवलेला मासा भाजावा लागला. साकुराच्या पूर्ण बहराच्या क्योटोतील नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या सापडतात. या सुमारे बाराशे वर्षांत तोवरचा सर्वांत लवकर बहर २०२१ मध्ये, २६ मार्च रोजी आला. ऋतूच आता माणसाची वाट न पाहता पुढे निघाला आहे. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी आहारपरंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. तो गौरव रास्त आहे. पण वारशाच्या यादीत नाव लागल्याने समुद्रात मासे वाढत नाहीत.

हंगामाबाहेरची वांगी पिकविण्यास एके काळी सुनामुराच्या शेतकऱ्याला कचरा कुजवावा लागे, आणि सरकार त्याला अडवी. आज शीतगृहे व विमाने यांनी बारा महिने सारे काही टोकियोच्या बाजारात येते, आणि अडविणारे कोणी नाही. तरीही तेथील शहरांत कोठल्या दिवसांत काय खावे याचे भान अजून पुष्कळ शिल्लक आहे. ते टिकले तर हुकमाने टिकणार नाही, आणि पैशानेही नाही. पुलावर उभे राहून आभाळ पाहणारे, गळलेले पान न टाकता ते मिठात मुरविणारे, मिळेल त्या माशाचे काटे शंभर चिरांनी जिंकणारे लोक जोवर असतील, तोवरच ते टिकेल.

बानशिरो ज्या वाड्यात राहिला, त्याच जागेवर १९०९ मध्ये आकासाकाचा भव्य प्रासाद उभा राहिला, आणि १९७४ पासून तो राष्ट्राच्या परदेशी पाहुण्यांचे अतिथिगृह आहे. तेथे आज राष्ट्रप्रमुखांसाठी मेजवान्या झडतात. त्या जागेवरचा एक जुना पाहुणा मात्र संध्याकाळी सोळा मोनांचा सोबा खाऊन परतत असे, आणि दिव्याच्या उजेडात दिवसाचा खर्च मांडून ठेवीत असे. त्या शहराच्या ऋतूंची स्मृती मेजवान्यांच्या याद्यांपेक्षा त्या हिशेबाच्या वहीत अधिक ताजी राहिली आहे.